रेचकांची नावे आणि रेचकांची क्रिया

१

नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथी अशा भिन्न पद्धतींची महाविद्यालये एकत्र आली आहेत. या सहवासाचे वैद्यकीय फलित काय, हे सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. त्याचा अभ्यासविषय भाषा हा आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकास एक गोष्ट येथे सहज दिसते. सामान्य मराठी माणूस पोटाच्या तक्रारीसंबंधी बोलू लागला, म्हणजे तो एकाच वाक्यात संस्कृत, अरबी-फारसी आणि इंग्रजी अशा तिन्ही परंपरांतील शब्द वापरून जातो. ‘कोठा जड आहे, सोनामुखी घेऊन पाहिली, आता एनिमाच द्यावा लागेल’ या वाक्यातील तीन मुख्य शब्द तीन वैद्यकपरंपरांतून आलेले आहेत.

या शब्दांपैकी सर्वांत रूढ आणि सर्वांत घोटाळ्याचा शब्द ‘जुलाब’ हा होय. ‘त्याने काल जुलाब घेतला’ यात जुलाब हे औषध आहे. ‘त्याला काल एक जुलाब झाला’ यात तो औषधाचा परिणाम आहे. आणि ‘त्याला कालपासून जुलाब होत आहेत’ यात तो विकार आहे. औषध, परिणाम आणि विकार यांना एकच नाम असून भेद केवळ क्रियापदाने राखला जातो. क्रियापद गळाले की भेदही गळतो. शिवाय औषध या अर्थी जुलाब म्हटले असता ते कोणत्या जातीचे, किती वेळात गुण देणारे आणि कोणास अपायकारक, यांपैकी काहीच कळत नाही. इसबगोल आणि जमालगोटा ही दोन्ही ‘जुलाबाची औषधे’च, तथापि एक नित्य घेता येण्याजोगे आणि दुसरे जीवावर बेतणारे.

रेचकांची क्रिया कशी होते आणि ती केव्हा द्यावीत, याची आजच्या ज्ञानाच्या आधारे मांडणी करणे, आणि आपल्या भाषेतील नावे त्या क्रियेवर कोठे प्रकाश टाकतात व कोठे पडदा टाकतात हे पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम देहातील व्यवहार ध्यानात घेतला पाहिजे. आपण प्यालेले पाणी आणि लाळ, जठररस, पित्त, आंत्ररस इत्यादी स्राव मिळून दिवसाकाठी सुमारे ८ ते ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातील बहुतेक तेथेच शोषला जातो. सुमारे दीड लिटर मोठ्या आतड्यात उतरतो, आणि त्यातूनही अखेरीस मलाबरोबर १०० ते २०० मिलिलिटर एवढेच पाणी बाहेर पडते. मल मोठ्या आतड्यात जितका अधिक काळ रेंगाळेल तितके त्यातील पाणी अधिक शोषले जाईल आणि तो अधिक कठीण होईल. मलास पुढे ढकलणाऱ्या मोठ्या लाटा दिवसातून मोजक्या वेळाच येतात. त्या विशेषतः सकाळी जाग आल्यावर आणि काही खाल्ल्यानंतर उठतात. सकाळच्या चहानंतर शौचाची भावना होते याचे कारण हेच.

तेव्हा मलावरोधाचा प्रश्न मूलतः दोन गोष्टींचा आहे : पाणी आणि गती. आज ज्ञात असलेले बहुतेक प्रत्येक रेचक या दोहोंपैकी एकीवर किंवा दोहोंवर परिणाम करते. ‘पोट साफ करणे’ हा आपला नित्याचा वाक्प्रचार मात्र तिसरीच कल्पना पुढे करतो. आतड्यात घाण साचते, ती अंगात भिनते आणि म्हणून ती अधूनमधून धुऊन काढली पाहिजे, अशी ती कल्पना आहे. ही केवळ आपलीच समजूत नव्हे. इंग्रजीतील ‘पर्गेटिव्ह’ हा शब्द शुद्ध करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातही आतड्यातील साठ्याने देहात विष भिनते हे मत प्रतिष्ठित होते. पुढे ते टिकले नाही. निरोगी माणसाला महिन्याकाठी एरंडेल देण्याची आपल्याकडील मागील पिढ्यांची रीत याच कल्पनेवर आधारलेली होती. आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने तिची आवश्यकता नाही.

३

संस्कृत वैद्यकग्रंथांची परिभाषा या बाबतीत लौकिक बोलीपेक्षा पुष्कळच काटेकोर आहे. साधारणतः तेराव्या-चौदाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या शार्ङ्गधरसंहितेत मल खाली नेणाऱ्या द्रव्यांचे चार वर्ग केले असून प्रत्येकास एक उदाहरण दिले आहे : अनुलोमनास हिरडा, स्रंसनास बहावा, भेदनास कुटकी आणि रेचनास निशोत्तर. मलाचा पाक करून व त्याचा बंध मोडून त्यास स्वाभाविक मार्गाने खाली नेणारे ते अनुलोमन. कोठ्यात चिकटून राहिलेले, पाक व्हावयाचे राहिलेलेही, तसेच खाली सरकविणारे ते स्रंसन. गोळा झालेला मल फोडून पाडणारे ते भेदन. आणि पक्व वा अपक्व सर्वच पातळ करून बाहेर काढणारे ते रेचन.

येथे धातूंकडे लक्ष दिल्यास या वर्गीकरणाची दृष्टी स्पष्ट होते. ‘स्रंस्’ म्हणजे घसरणे, ‘भिद्’ म्हणजे फोडणे, ‘रिच्’ म्हणजे रिकामे करणे. ‘रिक्त’ हा शब्द याच शेवटच्या धातूचा, आणि प्राणायामातील श्वास सोडण्याच्या क्रियेसही ‘रेचक’ म्हणतात ते याच कारणाने. ‘सारक’ हा मराठीत रूढ असलेला शब्द ‘सृ’ म्हणजे सरणे या धातूच्या प्रयोजक रूपापासून, तर ‘ढाळक’ हा आता मागे पडलेला शब्द मराठीच्या ढळणे-ढाळणे या जोडीतून आला. सर्व नावे क्रियावाचक आहेत आणि सौम्य क्रियेपासून तीव्र क्रियेपर्यंत एक उतरंड त्यांतून दिसते. साहित्याच्या विद्यार्थ्यांस ‘विरेचन’ हा शब्द ॲरिस्टॉटलच्या कॅथार्सिसचा पर्याय म्हणून परिचित असतो. मूळ ग्रीक शब्दालाही वैद्यकीय अर्थ होता, त्यामुळे हा पर्याय अन्वर्थकच म्हटला पाहिजे. चरकसंहितेत तर वमन आणि अधोमार्गाने होणारे शोधन या दोहोंसही विरेचन म्हणण्यास हरकत नाही असे सांगितले आहे, कारण बाहेर काढणे ही क्रिया दोहोंत समान.

अर्थात् शार्ङ्गधराचे चार वर्ग आणि आजच्या औषधिशास्त्रातील वर्ग एकास एक जुळविण्याचा मोह आवरला पाहिजे. त्यांची गृहीतके वेगळी आहेत. साम्य आहे ते एवढेच की, दोन्ही ठिकाणी औषधाचे नाव त्याच्या क्रियेवरून ठेवले आहे.

४

आता आजचे वर्ग क्रमाने पाहू.

पहिला वर्ग मलाचा आकार वाढविणाऱ्या द्रव्यांचा. इसबगोलाचा भुसा हे त्याचे आपल्याकडील प्रमुख उदाहरण. त्याची लागवड मुख्यतः गुजरात व राजस्थानात होते. हे नाव फारसी असून ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ म्हणजे कान; बीजाचा आकार घोड्याच्या कानासारखा म्हणून हे नाव. ‘अस्प’ हा संस्कृत ‘अश्व’ याचा सख्खा भाऊ होय. मराठी ऐकणाऱ्यास मात्र त्यात वाटोळेपणाचा ‘गोल’ ऐकू येतो. हा भुसा पाणी शोषून फुगतो, मल मऊ व मोठा होतो, आणि आतड्याच्या भिंतीवर ताण पडून गती वाढते. परिणामास १२ ते ७२ तास लागतात. रात्री घेऊन सकाळी गुण आला नाही म्हणून सोडून देणे चुकीचे. पाणी शोषण्याच्या याच गुणामुळे तो सौम्य अतिसारातही देता येतो. भरपूर पाण्याशिवाय घेतल्यास तो घशात वा अन्ननलिकेत अडकण्याचा धोका असतो. गिळण्यास त्रास होणाऱ्यास आणि आतड्यात अडथळा असणाऱ्यास तो देऊ नये.

दुसरा वर्ग पाणी धरून ठेवणाऱ्या, म्हणजे परासरणाने काम करणाऱ्या द्रव्यांचा. मॅग्नेशियमचे क्षार, लॅक्ट्युलोज आणि पॉलिएथिलीन ग्लायकोल ही त्यातील मुख्य. ही आतड्यात फारशी शोषली जात नाहीत आणि स्वतःबरोबर पाणी राखून ठेवतात. क्षारांचा गुण काही तासांत येतो. लॅक्ट्युलोजला एक ते दोन दिवस आणि पॉलिएथिलीन ग्लायकोलला एक ते तीन दिवस लागतात. लॅक्ट्युलोज ही लहान आतड्यात न पचणारी शर्करा आहे; मोठ्या आतड्यातील जंतू तिचे आम्लांत रूपांतर करतात, म्हणून तिने पोटात वायू धरतो. यकृताच्या जीर्ण विकारात मेंदूवर परिणाम करणारा अमोनिया कमी करण्यासाठीही ती देतात. मूत्रपिंड दुर्बल असलेल्यास मॅग्नेशियमचे क्षार वर्ज्य मानावेत, कारण मॅग्नेशियम रक्तात साठते. फॉस्फेटयुक्त रेचकांविषयीही अशीच सावधगिरी हवी.

तिसरा वर्ग आतड्यास चेतविणाऱ्या द्रव्यांचा. सोनामुखी, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट आणि एरंडेल यात येतात. सोनामुखी हा लोकव्युत्पत्तीचा उत्तम नमुना आहे. मूळ अरबी नाव ‘सना मक्की’, म्हणजे मक्केकडील सना. मराठी व हिंदी तोंडात ‘सना’चे सोने झाले आणि ‘मक्की’चे मुख झाले. हे नाव इतके घरगुती वाटते की, पोट साफ करण्याच्या चूर्णांत ती असल्याचे वेष्टनावर वाचूनही ग्राहकास आपण चेतक रेचक घेत आहोत याची जाणीव होत नाही. तिच्यातील द्रव्य मोठ्या आतड्यातील जंतूंकडून कार्यक्षम रूपात येते आणि म्हणून गुणास ६ ते १२ तास लागतात. ती रात्री निजताना घेण्याची प्रथा या दृष्टीने सयुक्तिक आहे. बिसाकोडिलच्या गोळीसही तेवढाच वेळ लागतो. तिच्यावर जठरात न विरघळणारे आवरण असते. म्हणून ती चावू नये, तसेच दूध किंवा आम्लनाशक औषध यांबरोबर घेऊ नये.

एरंडेल या नावाची घडण पारदर्शक आहे : एरंडाचे तेल, जसे खोबऱ्याचे खोबरेल. लहान आतड्यात त्यापासून रिसिनोलेइक आम्ल सुटते आणि ते स्नायूंवरील विशिष्ट ग्राहकांस चेतविते, हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. त्याचा गुण २ ते ६ तासांतच येतो, म्हणून ते रात्री घेणे गैरसोयीचे. हीच क्रिया गर्भाशयाच्या स्नायूंवरही होते. गरोदर स्त्रीस एरंडेल देऊ नये या सांगण्यामागील कारण यावरून स्पष्ट होईल. जमालगोटा हा चेतकांतील अतितीव्र प्रकार. त्याच्या तेलाने आतड्यास तीव्र दाह होतो, आणि आधुनिक वैद्यकात त्यास स्थान उरलेले नाही.

चौथा वर्ग मऊ करणाऱ्या व वंगण देणाऱ्या द्रव्यांचा. लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल न पचता मलास वेढते. परंतु ते अंथरुणास खिळलेल्या वृद्धास किंवा लहान मुलास पाजताना श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसास इजा करते, आणि दीर्घकाळ घेतल्यास स्निग्धात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचे शोषण कमी करते. मल मऊ करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डॉक्युसेटच्या उपयुक्ततेचा पुरावा दुबळा आहे. कोमट दुधात तूप घालून घेण्याचा आपला घरगुती उपाय या वर्गातला वाटतो. परंतु तूप पचते व शोषले जाते, तेव्हा त्याची तुलना खनिज तेलाशी करता येणार नाही.

पाचवा मार्ग गुदद्वाराचा. ग्लिसरीनची वर्ती किंवा एनिमा यांचा गुण मिनिटांत किंवा फार तर तासाभरात दिसतो. आयुर्वेदातील ‘बस्ति’ या शब्दाचा अर्थ मूत्राशय. पूर्वी औषधी द्रव देण्यासाठी प्राण्यांच्या मूत्राशयाची पिशवी वापरीत आणि साधनाचे नाव क्रियेस मिळाले. याखेरीज प्रुकॅलोप्राइड, लिनॅक्लोटाइड यांसारखी नवी औषधे नेहमीच्या उपायांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी तज्ज्ञ देतात. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

या सर्व वर्गांत न बसणाऱ्या ‘जुलाब’ शब्दाची कुळकथा येथेच सांगून टाकू. फारसी ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी; गुलाब म्हणजे मुळात गुलाबपाणी. अरबीत ग-कार नसल्यामुळे त्याचे ‘जुलाब’ झाले आणि गोड सरबत असा अर्थ रूढ झाला. रेचक औषध सरबतातून देत, म्हणून भारतात पुढे सरबताचे नाव रेचकास लागले. मराठीत गुलाब आणि जुलाब हे असे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत. मेक्सिकोतील हालापा या गावावरून नाव पडलेले ‘जॅलप’ नावाचे एक रेचक मूळ युरोपात एकेकाळी प्रसिद्ध होते. त्याचे आणि जुलाबाचे ध्वनिसाम्य हा निव्वळ योगायोग होय. जुलाब हे नाव, यावरून दिसेल की, क्रियेवरून पडलेले नाही. ते पात्रावरून पदार्थाचे नाव पडावे तसे पडले आहे, आणि म्हणूनच ते क्रियेविषयी काहीच सांगत नाही.

५

रेचक केव्हा द्यावे, या प्रश्नाच्या आधी ते केव्हा लागत नाही, हे सांगितले पाहिजे. रोज शौचास झालेच पाहिजे असा देहाचा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा हा सर्व पल्ला स्वाभाविक मानतात. आठवड्यातून तिहींपेक्षा कमी वेळा होणे, मल खड्यासारखा असणे, फार कुंथावे लागणे, झाल्यावरही अपुरे वाटणे ही मलावरोधाची लक्षणे. त्यांचे कारण अनेकदा बाहेरच सापडते : पाणी व तंतुमय अन्न कमी पडणे, लोहाच्या गोळ्या, अफूवर्गातील वेदनाशामके, काही आम्लनाशके, रक्तदाबाची काही औषधे, थायरॉइडची मंदता. आणखी एक कारण सामाजिक आहे. जेथे मुलींच्या शाळेत किंवा स्त्रियांच्या कामाच्या ठिकाणी स्वच्छ शौचालय नसते, तेथे वेग दाबून ठेवण्याची सवय जडते. तेथे औषधाच्या बाटलीपेक्षा दाराला कडी असलेली खोली हा खरा उपाय ठरेल.

सामान्य प्रौढास आहार, पाणी आणि न्याहारीनंतर शौचास बसण्याची सवय यांनी भागत नसेल तर इसबगोलापासून आरंभ करावा. त्याने न भागल्यास पॉलिएथिलीन ग्लायकोल किंवा लॅक्ट्युलोज घ्यावे. चेतक रेचक थोड्या दिवसांसाठी किंवा अधूनमधून साहाय्यक म्हणून उपयोगी पडते. चेतकांनी आतड्याच्या मज्जातंतूंचा कायमचा नाश होतो, ही जुनी भीती योग्य मात्रेपुरती आज पुराव्याने सिद्ध होत नाही. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात त्यांना स्थान आहे. तथापि महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेत राहणे वेगळे. त्यात मूळ कारण झाकले जाते, आणि मात्रा वाढल्यास पोटॅशियम व पाणी यांचा ऱ्हास होतो.

काही प्रसंगी वर्गाची निवड विशेष महत्त्वाची ठरते. कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फीन घेणाऱ्या रुग्णाची आतड्याची गतीच मंदावलेली असते; त्यास इसबगोल देऊन आकार वाढविल्याने अडचणच वाढते. येथे मॉर्फीनबरोबरच चेतक किंवा परासरणी रेचक सुरू करतात. लहान मुलांत पॉलिएथिलीन ग्लायकोल पहिल्या पसंतीचे. ते वैद्याच्या सल्ल्याने पुरेसे दिवस चालू ठेवावे लागते, कारण एकदा दुखल्यामुळे मूल पुन्हा वेग दाबते. गर्भवतीस इसबगोल व लॅक्ट्युलोज चालतात. वजन उतरविण्यासाठी रेचक घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, अन्नातील पोषकांश लहान आतड्यात आधीच शोषलेला असतो. उतरते ते पाण्याचे वजन.

६

आता ज्या कारणास्तव हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळू. पोटात तीव्र वेदना, उलट्या, पोट फुगणे आणि वायूही न सरणे अशी लक्षणे असता कोणतेही रेचक देऊ नये. ही अडथळ्याची किंवा आंत्रपुच्छदाहाची चिन्हे असू शकतात, आणि अशा वेळी आतड्यास चेतविल्यास ते फाटण्याचा संभव असतो. ‘पोट धरले आहे, जरा एरंडेल द्या’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मायेचा असतो, परंतु ‘पोट धरणे’ या वाक्प्रचारात साधा मलावरोध आणि शस्त्रक्रियेस योग्य असा विकार हे दोन्ही सामावतात. भाषा येथे भेद करीत नाही. तो माणसास करावा लागतो. मलात रक्त, विनाकारण वजन घटणे, पांडुता, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर सवयीत अकस्मात पडलेला फरक यांतही रेचक घेण्याआधी तपासणी झाली पाहिजे.

याहून सूक्ष्म घोटाळा वृद्धांच्या बाबतीत होतो. अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या गुदाशयात कठीण मलाचा गोळा अडकून बसतो, आणि त्याच्या कडेने वरचा पातळ मल पाझरत राहतो. घरातील मंडळी सांगतात, ‘आजोबांना जुलाब होताहेत.’ ऐकणारा ते विकारवाचक जुलाब समजतो आणि अतिसार थांबविणारे औषध देतो. गोळा अधिकच घट्ट होतो. वस्तुतः विकार मलावरोधाचा असतो आणि उपाय रेचनाचा असतो. अशा वेळी ‘किती दिवसांपूर्वी घट्ट झाले होते?’ हा एक प्रश्न ‘जुलाब होतात का?’ या प्रश्नापेक्षा अधिक उपयोगी पडतो. आपल्या बोलींत याकरिता ढाळ, हगवण, पोट जाणे, परसाकडे लागणे असे अनेक प्रयोग आहेत, आणि त्यांच्या अर्थच्छटा तालुक्यागणिक बदलतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस रुग्णाची भाषा शिकविताना या शब्दांची क्षेत्रनिहाय नोंद हाती असणे इष्ट होईल, आणि ते काम भाषाविभागांचे आहे.

सारांश, रेचक निवडताना नावावर विसंबू नये. ते पाण्यावर काम करते की गतीवर, किती तासांत करते आणि कोणास वर्ज्य आहे, हे विचारावे. प्राचीन शास्त्रकारांनी नावे क्रियेवरून ठेविली. लोकभाषेने ती सरबतावरून आणि घोड्याच्या कानावरून स्वीकारली. दोन्हींचा इतिहास रम्य आहे. परंतु रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसास इतिहासापेक्षा अर्थाची गरज असते, आणि तो अर्थ क्रियापद नीट ऐकल्यावाचून हाती लागत नाही.